नंबर नसलेल्या गाडीला ओवाळायला

माझ्या भावाच्या गाडीला ओवाळायला मी तासगावहून धारवाडला जाऊन आले. परत आल्यावर शेजारच्या बायकांनी विचारलं, "कुठली गाडी घेतली?" मला काही सांगता येईना. मोटार म्हणावं तर तिला छप्पर नाही, दारं नाहीत. मोटारसायकल म्हणावं तर चाकं चार. ट्रॅक्टर म्हणावं तर बसायची सीट स्कूटरसारखी. चार माणसांत बोलायचं झालं की मला शब्द सापडत नाहीत. "आहे अशीच एक," म्हणून मी विषय मिटवला. पण सगळं नीट सांगायचं राहून गेल्यासारखं वाटत राहिलं. म्हणून दुपारची भांडी झाल्यावर एकटी बसून लिहिते आहे.

भाऊ म्हणजे विनू, माझ्या पाठचा. लहानपणीच हुबळीला मामांच्या दुकानात गेला. दोरखंड, सुतळी, पोती असलं दुकान. मामांच्या मागं त्यानंच ते वाढवलं. धारवाडला केलगेरीत घर बांधलं आणि रस्त्यापलीकडे, थोडं खाली तळ्याच्या अंगाला, हापूसची बाग घेतली. दुकान पोटासाठी आणि बाग जिवासाठी, असं त्याचं होतं. दोन वर्षांपूर्वी तो दुकानाच्या माळ्यावरून पडला आणि उजवा पाय कामातून गेला. काठी घेऊन अंगणापर्यंत येतो, पुढं नाही. दोन वर्षं आंब्याचा मोहर त्यानं लोकांच्या तोंडून ऐकला. एकदा खुर्चीत बसवून गड्यांनी त्याला बागेत नेलं, तेव्हा रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. तेव्हापासून खुर्चीतून न्यायचं नाव काढलं तरी तो जेवत नसे.

मग एका लग्नाला भाड्याच्या मोटारीतून गोव्याला गेला, तिथं त्यानं ही गाडी पाहिली. जाड फुगीर चाकं, पाय टेकायचं काम नाही, वाळूतून, खड्ड्यांतून कुठूनही जाते. त्यानं ती घेतली, टेम्पोतून आणवली, आणि आली त्याच दिवशी बसून निघाला. तिसऱ्या दिवशी हवालदारानं धरली. नंबर नाही, गाडी रस्त्यावर आणायची नाही.

आमच्या माहेरी नव्या वाहनाला आधी बहीण ओवाळते, मग ते दाराबाहेर पडतं. विनूच्या पहिल्या सायकलीला मी ओवाळलंय, नंतर स्कूटरलाही. या वेळी मात्र त्यानं मला कळवलंसुद्धा नव्हतं. पोलिसानं धरल्यावर त्याची बायको मंगल हिचा फोन आला, "वन्सं, तुम्हाला न बोलावता बसले, म्हणून हे झालं. आता आर.टी.ओ.त न्यायचीय. तुम्ही या, ओवाळा, म्हणजे नंबर मिळेल."

सरकार निरांजनाकडं बघून नंबर देतं की काय, मला माहीत नव्हतं. पण माहेरचं बोलावणं होतं, आंब्याचे दिवस होते. मी निघाले.

केलगेरी

घरी पोचले तर विनू अंगणात खुर्चीवर बसलेला. शेजारी गाडी. लाल रंगाची, बसलेल्या बेडकासारखी, उडी मारायच्या तयारीत.

"बघ की, अक्का! कशी हाय?"

"हिला तोंड कुठल्या बाजूला?" मी विचारलं.

तो एवढा हसला की मंगल आतून पीठभरल्या हातांनी बाहेर आली. "हसले बाई," ती मला हळूच म्हणाली. "पंधरवडा झाला, हे घरात नुसते गुरगुरत होते."

जेवायला भरली वांगी, शेंगांची चटणी, दही आणि कडक भाकरी. आमच्याकडे पाहुण्याला तव्यावरची मऊ भाकरी ताटात टाकतात. इथं पापडासारखी वाजणारी, आठवडा टिकणारी भाकरी कौतुकानं वाढतात. पहिल्या खेपेला, विनूच्या लग्नानंतर मी आले होते तेव्हा, मला वाटलं होतं मंगलनं शिळं वाढलं. मनातल्या मनात रुसून बसले होते. आता दह्यात मोडून चार खाल्ल्या तरी कळत नाही.

संध्याकाळी तळ्याच्या कडेनं मंगल मला बाग दाखवून आली. झाडं लगडलेली. पण खाली पडलेले आंबे तसेच, एका झाडाला वाळवी लागलेली. "यांना सांगू नका," मंगल म्हणाली. "माळी म्हणतो सगळं ठीक आहे, हे ऐकून घेतात. स्वतः बघितल्याशिवाय याचं काही खरं नाही." परत येताना रस्ता ओलांडायला आम्हाला बराच वेळ थांबावं लागलं. तो गोव्याकडं जाणारा रस्ता. एकामागून एक लॉऱ्या, हॉर्न वाजवत, धूळ उडवत. मी मंगलचा हात घट्ट धरला होता.

आर.टी.ओ.चं आवार

ज्या गाडीला नंबर नाही ती आर.टी.ओ.पर्यंत चालवत न्यायची नाही, हे विनूला आता पक्कं कळलं होतं. म्हणून गाडी टेम्पोत चढवली. विनू आणि मी पुढं ड्रायव्हरशेजारी. माझ्या मांडीवर ओवाळणीचं तबक, कारण नंबर मिळाल्या मिळाल्या तिथंच ओवाळायचं, असा त्याचा हट्ट. धारवाडच्या चढ-उतारांवर निरांजनातलं तेल सगळं माझ्या निऱ्यांवर आलं आणि लिंबं ड्रायव्हरच्या पायाशी गेली. त्यानं एक ब्रेकखालून काढून दिलं. "अक्कार, हे आधी सांभाळा," तो म्हणाला, "नाहीतर पूजा माझ्याच गाडीची व्हायची."

आवारात जत्राच होती. मैदानावर पांढऱ्या रेषांवरून पोरं-पोरी स्कूटरवरून आठचा आकडा काढत होत्या. एकीचा पाय खाली टेकला की झाडाखालचे सगळे "च्च" करायचे. भिंतीवर नियमांची मोठी पाटी होती, सगळी कानडीत. मी चौथी शिकलेली, पण त्या पाटीपुढं मी आणि कॉलेजात गेलेला मराठी माणूस सारखेच.

टेम्पोतून लाल गाडी उतरली तसं मैदान आमच्याकडं धावलं. पाण्यात चालते का, जिना चढते का, विचारून विचारून त्यांनी विनूला भंडावून सोडलं. तो मात्र खूश. दोन वर्षांत प्रथमच लोक त्याच्या पायाकडं न बघता दुसऱ्या कशाकडं बघत होते. कानामागं पेन लावलेला एक एजंट आला. कुठलंही काम सांगा, तो आधी "आगतैत्रि, आगतैत्रि" म्हणायचा, म्हणजे होतंय, होतंय. गाडी बघितल्यावर तो एकदाच "आगतैत्रि" म्हणाला, दुसऱ्यांदा तोंडातच राहिलं, आणि तो आठ काढणाऱ्यांकडं निघून गेला.

इन्स्पेक्टर साहेब पिकल्या मिश्यांचे, शांत होते. गाडीभोवती फिरले, वाकून खाली बघितलं.

"सावकार्रे, आरसा?"

"लावून घेतो."

"वळायचे दिवे?"

"तेही लावतो."

"तुम्ही झुंबर लावलं तरी नंबर देता येत नाही." मराठी त्यांना चांगलं येत होतं. "ज्या तऱ्हेची गाडी रस्त्यासाठी पास झालीय तिलाच आम्ही नंबर देतो. ही त्यातली नाहीच. स्वतःच्या बागेत, कुंपणाच्या आत, खुशाल चालवा. तिथं नंबर नको. रस्त्यावर एक चाक नको."

"नुसतं ओलांडायचं हो. घर इकडं, बाग तिकडं."

"आडवा ओलांडला तरी रस्ता रस्ताच. आणि कुणाला लागलं तर? विमा उतरत नाही हिचा. तुमची चूक नसली तरी तुमच्याच गळ्यात. तुम्हाला लागलं तर घरच्यांच्या." असं म्हणताना ते माझ्याकडं आणि माझ्या हातातल्या तबकाकडं बघत होते. मी पदर पुढं ओढला.

मग त्यांची नजर विनूच्या काठीवर गेली. आवाज मऊ करून ते म्हणाले, "तुमच्यासाठी सोय आहे की. साधी स्कूटर घ्यायची, मागं दोन्ही बाजूंना जास्तीची चाकं बसवायची, पायाचा ब्रेक हाताशी आणायचा. इथं आणून दाखवायची, गाडीच्या पुस्तकात अपंगांचं वाहन म्हणून नोंद करायची, मागं तशी पाटी लावायची, टॅक्स माफ. त्याच गाडीवर परीक्षा द्यायची, लायसन मिळतं. मग गोव्यापर्यंत जावा."

विनूचा चेहरा उतरला. "चला," एवढंच म्हणाला.

टेम्पोत समोर बघत तो म्हणाला, "पाटी लावून हिंड म्हणतात मला. गाडीच्या पाठीवर लिहून."

घरी आल्यावर तो मला म्हणाला, "अक्का, उद्या पहाटे ओवाळ. लॉऱ्या कमी असतात, हवालदार नसतो. पाच मिनिटांत बागेत जातो, अंधार पडला की येतो. कुणाला कळायचं नाही."

मला भांडता येत नाही. कधीच आलेलं नाही. पण ओवाळणं माझ्या हातात होतं.

"मी ओवाळणार नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"ओवाळते म्हणजे सुखरूप परत ये म्हणते. त्या रस्त्यावर, त्या गाडीवर, चोरून जाणाऱ्याला मी तसं कसं म्हणू? खोटं होईल ते."

"मग मी न ओवाळता जातो!"

"जा की. मागं गेलास तेव्हा तिसऱ्या दिवशी काय झालं?"

मंगलनं पदर तोंडाला लावला. विनू आत गेला आणि दार लावून बसला. जेवायलाही उठला नाही. भावाला नाही म्हणायला एवढ्या लांब आले की काय, असं वाटत राहिलं.

कोप्पीकर रोड

दुसऱ्या दिवशी घरात बसवेना, म्हणून मंगलनं मला हुबळीला नेलं. मला चोळीखण घ्यायचा होता. कोप्पीकर रोडला दुकानात शिरलो तर अशी गर्दी की मला गुदमरायला झालं. "तू बघ, मी पायरीवर थांबते," म्हणून मी बाहेर आले.

शेजारी चहाचं हॉटेल होतं. तेवढ्यात भर्रकन एक स्कूटर येऊन माझ्या पायरीला लागली. मागं दोन बाजूंना दोन छोटी चाकं. वर पन्नाशीची एक बाई, अबोली साडी, वेणीत फुलं, एक पाय बारीक, लोखंडी पट्ट्यांत. ती उतरली नाहीच. हॉटेलच्या पायऱ्या उंच होत्या. तिनं तिथूनच हाक मारली, "अण्णा, बाय टू!"

बाय टू हा इकडचाच प्रकार. एक चहा मागायचा आणि दोन पेल्यांत अर्धा अर्धा घ्यायचा. कुणाला त्याची लाज वाटत नाही. आमच्याकडे पाहुण्यापुढं अर्धा कप ठेवला तर तीन पिढ्या नाव काढतील.

दोन पेले आले. तिनं एक माझ्यापुढं धरला. "घ्या री अक्कार. अख्खा मला जास्त होतो आणि एकटीला बाय टू कोण देतंय?"

मी अनोळखी माणसाच्या हातून चहा कधी घेतलेला नाही. पण अर्धा चहा नाकारायचा कसा, तेही येईना. घेतला. आणि चहा पोटात गेल्यावर माझ्या तोंडून आपसूक निघालं, "ही गाडी नंबराची आहे?"

"नंबराची म्हणजे? वाचा की!" तिनं अंगठ्यानं मागं दाखवलं. नंबर होता. खाली अपंगांच्या वाहनाची पाटीही होती. तिचं नाव कस्तुरीबाई, लॅमिंग्टन रोडच्या एका शाळेत शिकवत होती. मी विनूचं सगळं सांगितलं. कसं सांगितलं कुणास ठाऊक, आयुष्यात एवढं सलग बोलले नसेन.

"पाटीची लाज वाटते होय त्यांना?" ती म्हणाली. "मलाही वाटायची. आधी रिक्षातून जायची. रिक्षावाला उचलून बसवायचा आणि वर सगळ्यांना सांगायचा, बाईंना मीच नेतो. मग ही घेतली. आता पाटी मागं आहे, मी पुढं असते. मला ती दिसतच नाही." पेला खाली ठेवून ती म्हणाली, "बसा."

"मी?"

"बसून बघितल्याशिवाय भावाला काय सांगणार? बसा. गट्टी हिडकोरी!" आणि माझे दोन्ही हात धरून तिनं स्वतःच्या कमरेला लावले.

आम्ही निघालो. हॉर्न तिचा सतत चालू. एक बस तिनं अशी मागं टाकली की कंडक्टरनं वाकून नमस्कार केला. "आमच्याच शाळेतला," ती ओरडून म्हणाली. "बेरजा यायच्या नाहीत." लॅमिंग्टन रोडला शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन आम्ही वळलो. वळणावर गाडी कललीच नाही. माझा पदर वाऱ्यावर गेला होता आणि मला धरायला हात नव्हता. मी हसत होते. मोठ्यानं हसत होते, हे मला फार उशिरा कळलं. स्कूटरला चाकं कुणी लावून दिली, तो माणूस कुठं बसतो, किती दिवस लागतात, सगळं मी तिच्या पाठीमागून ओरडून विचारलं आणि तिनं पुढून ओरडून सांगितलं.

इकडं मंगल दुकानातून बाहेर आली तर पायरीवर मी नाही, नुसता पेला. तिनं आकांत मांडला. दुकानदार, हॉटेलवाला, रस्त्यावरचे चार जण जमले. "पांढरी साडी, हिरवे काठ, बोलत नाहीत कुणाशी," असं ती सगळ्यांना सांगत असताना मी स्कूटरवरून आले.

"वन्सं!" मंगलच्या हातातला खण पडला. "तुम्ही?"

"ह्याच का, बोलत नाहीत त्या?" हॉटेलवाल्यानं विचारलं.

कुणाला सांगणार नाही अशी मंगलनं माझ्यापुढं शपथ घेतली. केलगेरीच्या स्टॉपवर उतरायच्या आत तिनं दोघींना सांगितलं होतं. घरी विनूला सांगताना तर तिनं हॉर्नसुद्धा वाजवून दाखवला. विनूनं सगळं ऐकलं, माझ्याकडं बघत राहिला. मग त्याला हसू फुटलं.

"अक्का, तू! भर कोप्पीकर रोडला!"

"बसून बघ एकदा," मी म्हटलं.

हसू गेलं. "मी नाही बसणार असल्या गाडीवर." पण त्या दिवशी तो जेवला.

पुन्हा केलगेरी

शेवटच्या दिवशी मीच तोड काढली. साहेबांनी बागेच्या आत चालवा म्हटलं होतं ना? मग गाडी बागेतच राहूदे. एकदा पलीकडं नेली की झालं. पण टेम्पोवाला लग्नाचं सामान घेऊन गेलेला. तेव्हा शेजारपाजारच्यांना बोलावून ढकलत न्यायचं ठरलं. विनूनं वर बसून फक्त हँडल धरायचं.

रस्त्याशी पोचलो आणि तोच हवालदार सायकलवरून आला.

"इंजिन?" त्यानं विचारलं.

"बंद," विनू म्हणाला आणि किल्ली काढून दाखवली.

हवालदारानं ढकलणाऱ्यांकडं बघितलं, माझ्या तबकाकडं बघितलं. "ढकलगाडीला नंबर लागत नाही," तो म्हणाला. मग रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला. गोव्याची एक लॉरी करकचून थांबली. "दब्बरी!" तो ओरडला, आणि सगळ्यांनी जोर लावला. विनू राजासारखा ताठ बसला होता. या वेळीही लोक बघत होते, पण या वेळी तो त्यांना हात करत होता.

फाटकाच्या आत आल्यावर मी ओवाळलं. मनापासून. सुखरूप परत ये म्हटलं आणि ते खरं होतं. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. विनूनं किल्ली फिरवली, गाडी पुढं गेली, तर एकही लिंबू फुटलं नाही. चाकं लोण्यासारखी मऊ आणि माती भुसभुशीत, चारही लिंबं जमिनीत रुतून बसली. "असूदेत," हवालदार म्हणाला, "झाडं येतील."

मग विनू जो सुटला! झाडांमधून, दगडांवरून, तळ्याकडच्या कुंपणापर्यंत. प्रत्येक झाडाशी थांबायचा, फांदी खाली ओढून आंबा हातात तोलायचा, माळ्याला हाका मारायचा. वाळवीचं झाड त्याला सापडलंच. त्यानं माळ्याला असं झापलं की मंगलच्या डोळ्यांत आनंदानं पाणी आलं.

उन्हं उतरली. माणसं आपापल्या घरी गेली. विनू गाडी घेऊन फाटकाशी आला आणि थांबला. पलीकडं घर दिसत होतं. मंगल पुढं जाऊन दिवा लावत होती, तोही दिसत होता. मध्ये रस्ता. गाडीची पुढची चाकं फाटकाच्या रेषेवर. त्यानं इंजिन बंद केलं. दोन गडी खुर्ची घेऊन रस्ता ओलांडत होते.

विनू त्या खुर्चीकडं बघत राहिला.

"माझी जुनी स्कूटर," तो म्हणाला, "पोत्यांखाली पडलीय बघ शेडमध्ये. तिचं पुस्तक असंल कुठंतरी."

"असंल की," मी म्हटलं.

"अक्का, त्या बाईच्या गाडीला चाकं कुणी बसवली, विचारायला पाहिजे होतं तू."

"विचारलंय. हुबळीत, स्टेशनच्या मागं. आठ दिवसांत करून देतो."

खुर्ची आली. तो मुकाट्यानं तिच्यात बसला. रस्त्याच्या मधोमध पोचल्यावर त्यानं घराकडं तोंड करून हाक मारली, "मंगल, शेडमधली पोती काढायला सांग!"

घरी गेल्यावर मंगल तबक घासायला घेऊन निघाली होती. पुन्हा लागणार म्हणून मी तिच्या हातातून ते काढून देवघरात ठेवलं, निरांजनात नवी वात घातली, आणि बॅग भरायला घेतली.